विश्लेषण : दहा वर्षे फुकट धावूनही वॉशिंग्टनची ट्राम का टिकली नाही?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डीसीमध्ये २७ फेब्रुवारी २०१६ रोजी तब्बल ५४ वर्षांनी ट्राम पुन्हा धावली. तिला तिकीट नव्हते. कोणीही यावे, बसावे आणि उतरावे. सुमारे २० कोटी डॉलर खर्चून उभारलेली ही सेवा ३१ मार्च २०२६ रोजी थांबवण्याचे शहराच्या वाहतूक विभागाने जाहीर केले. म्हणजे वय जेमतेम दहा वर्षे. आठ मार्गांचे जाळे उभारण्याचे स्वप्न दाखवून सुरू झालेला हा प्रकल्प एका मार्गावरच का अडकला? ट्राम हे वाहनच कालबाह्य आहे की ती धावली त्या रस्त्यात गोम होती? आणि नाशिककरांना या कथेचा शेवट ओळखीचा का वाटेल?

नेमका निर्णय काय?

महापौर म्यूरिएल बाउझर यांनी मे २०२५ मध्ये पुढील आर्थिक वर्षाचा अर्थसंकल्प मांडताना ट्राम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव ठेवला. केंद्र सरकारमधील नोकरकपातीमुळे राजधानीच्या महसुलाला फटका बसणार, हे तेव्हा स्पष्ट दिसू लागले होते. काटकसर करायची तर वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर चालवण्यावर खर्च होणारी आणि तिकिटातून एक पैसाही न मिळवणारी ट्राम नजरेत येणे स्वाभाविक होते. सुरुवातीला सेवा आणखी सुमारे दोन वर्षे चालवण्याचा विचार होता. मात्र पैशाची तरतूदच आटल्याने मुदत अलीकडे ओढली गेली आणि ३१ मार्च २०२६ ही तारीख ठरली.

ही ट्राम युनियन स्टेशनच्या मागच्या बाजूपासून एच स्ट्रीट आणि बेनिंग रोडने ओक्लाहोमा अॅव्हेन्यूपर्यंत जात असे. अंतर साधारण साडेतीन किलोमीटर, थांबे आठ आणि ताफ्यात गाड्या सहा. मुंबईच्या भाषेत सांगायचे तर दादरहून परळला जाऊन थोडे पुढे, एवढाच हा पल्ला. एवढ्या छोट्या मार्गासाठी राजधानीने चार महापौरांची कारकीर्द खर्ची घातली.

‘स्ट्रीटकार’ म्हणजे ट्रामच का?

हो. आपण ज्याला ट्राम म्हणतो त्याला अमेरिकेत ‘स्ट्रीटकार’ म्हणतात. रस्त्यातच बसवलेल्या रुळांवरून, मोटारी आणि बसगाड्यांच्या बरोबरीने ती धावते. मेट्रोसारखा तिला स्वतंत्र उन्नत किंवा भुयारी मार्ग नसतो. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे ‘लाइट रेल’. तीही रस्त्याच्या पातळीवर धावते, पण तिची मार्गिका बहुतांश राखीव असते, गाड्या लांब असतात आणि थांबे दूर दूर असतात. पाहणाऱ्याला तिन्ही गाड्या सारख्याच आधुनिक वाटतात. परंतु प्रवाशाच्या वेळेचा हिशोब गाडी करत नाही, तिच्यापुढचा रस्ता मोकळा आहे की नाही यावर तो ठरतो.

मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. ३१ मार्च १९६४ रोजी ती कायमची थांबली. तारखेचा हा योगायोग बाजूला ठेवला तरी कारणे मिळतीजुळती होती. मोटारी वाढल्या, रस्ते अपुरे पडले आणि वाट सोडून बाजूला न होऊ शकणारी ट्राम अडथळा वाटू लागली. वॉशिंग्टनची जुनी ट्रामही त्याच सुमारास, २८ जानेवारी १९६२ रोजी बंद झाली होती. विसाव्या शतकाच्या मध्यात बहुतेक अमेरिकी शहरांनी आपले रूळ उखडले किंवा डांबराखाली गाडले.

मग ट्राम परत कशी आली?

याचे श्रेय ऑरेगन राज्यातील पोर्टलंडला जाते. तेथे २० जुलै २००१ रोजी नव्या पिढीची ट्राम सुरू झाली. गाड्या चेक प्रजासत्ताकातील, खालून बुटक्या तळाच्या, साधारण २० मीटर लांबीच्या. रूळ बसवण्यासाठी रस्ता फार खोल खणायचा नाही, साधारण फूटभर जाडीच्या काँक्रीटच्या पट्ट्यात ते बसवायचे, म्हणजे खालच्या जलवाहिन्या आणि मलनिस्सारण वाहिन्या शक्यतो हलवाव्या लागणार नाहीत, अशी ही युक्ती होती. त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही वाचले.

पण पोर्टलंडच्या यशाचा खरा पाया रुळांखाली नव्हता, एका करारात होता. शहराच्या मध्यभागालगत रेल्वेची जुनी यार्डे आणि गोदामे होती. ही जागा ज्या विकासकाकडे होती, त्याच्याशी शहराने १९९७ मध्ये करार केला. शहर जुना उड्डाणमार्ग पाडेल, ट्राम आणेल, उद्यान बांधेल. त्या बदल्यात विकासक प्रत्येक टप्प्यावर अधिक दाट वस्ती उभारेल. एकरी किमान १५ घरांची अट वाढत वाढत १३१ घरांपर्यंत गेली. आज हा भाग ‘पर्ल डिस्ट्रिक्ट’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे येथे ट्राम आधी आणि माणसे नंतर असे झाले नाही. दोन्ही एकाच कागदावर ठरले.

इतर शहरांनी पाहिले ते एवढेच, की ट्राम आली आणि इमारती उगवल्या. बराक ओबामा यांच्या काळात, २०१० मध्ये, केंद्रीय परिवहन मंत्री रे लाहूड यांनी निधीचे निकष बदलले. प्रवासाचा किती वेळ वाचतो याबरोबरच परिसर राहण्याजोगा होतो का, यालाही महत्त्व आले. केंद्राच्या निधीतून अॅटलांटा, टूसॉन अशा शहरांना ट्रामसाठी पैसे मिळाले. डेट्रॉइट, सिनसिनाटी, मिलवॉकी, कॅन्सस सिटी हीदेखील याच रांगेतली. वॉशिंग्टनने मात्र आपली ट्राम मुख्यतः स्वतःच्या तिजोरीतून उभी केली.

राजधानीला ट्रामची गरज का भासली?

वॉशिंग्टनमध्ये उत्तम मेट्रो आहे. पण ती प्रामुख्याने उपनगरांतून कार्यालयांकडे येणाऱ्या नोकरदारांना समोर ठेवून आखली गेली. शहराच्या ईशान्य भागातील एच स्ट्रीट तिच्या आखणीत निसटला. एकेकाळी हा शहरातील गजबजलेल्या बाजाररस्त्यांपैकी एक होता. १९४९ पर्यंत तेथून ट्रामही धावत होती. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत येथील दुकाने जळाली. त्यानंतर कित्येक दशके रिकामे भूखंड आणि बंद दरवाजे हीच या रस्त्याची ओळख राहिली.

त्याहून मोठा प्रश्न अॅनाकॉस्टिया नदीच्या पलीकडे होता. शहराचा हा पूर्व भाग प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा आणि कमी उत्पन्नाचा. अनेक घरांत मोटार नाही, रोजगार मात्र नदीच्या अलीकडे. वॉशिंग्टनची पहिली ट्राम खरे तर या भागासाठीच ठरली होती. तिच्यासाठी चेक प्रजासत्ताकात तीन गाड्याही बनवून घेण्यात आल्या. मात्र मार्गावरून वाद झाले, जागेचे प्रश्न सुटले नाहीत आणि तयार गाड्या २००९ च्या अखेरपर्यंत तिकडेच पडून राहिल्या. अॅनाकॉस्टियात थोडेफार रूळ पडले आणि २०१० मध्ये ते काम सोडून देण्यात आले. ज्यांच्या नावाने गाड्या विकत घेतल्या, त्यांच्या दारात त्या कधीच आल्या नाहीत.

त्याच वर्षी शहराने ३७ मैलांच्या, म्हणजे सुमारे ६० किलोमीटरच्या, आठ मार्गांच्या जाळ्याचा आराखडा मांडला. नदीपलीकडचा पूर्व भाग, पश्चिमेचे श्रीमंत जॉर्जटाउन आणि उत्तरेकडच्या वस्त्या एकमेकींना जोडल्या जाणार होत्या. एच स्ट्रीट हा त्यातला केवळ पहिला तुकडा होता.

तारांवरून वाद कशासाठी?

ट्रामला वीज लागते आणि ती बहुतेक ठिकाणी डोक्यावरच्या तारेतून मिळते. पण राजधानीच्या जुन्या शहरात अशा तारा टांगण्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काँग्रेसने बंदी घातली होती. कॅपिटॉल आणि स्मारकांच्या दिशेने जाणाऱ्या रुंद रस्त्यांवर तारांचे जाळे नको, हा त्यामागचा हेतू. म्हणून जुनी ट्राम दोन रुळांच्या मधल्या फटीतून, जमिनीखालच्या वाहिनीतून वीज घेत असे. गाडी जुन्या शहराच्या हद्दीवर आली की खड्ड्यात बसलेला कामगार तिचा खालचा वीजग्राहक काढून घेई आणि पुढे ती तारेवर चाले.

नव्या ट्रामसाठी एवढी खर्चिक व्यवस्था परवडणारी नव्हती. शहराच्या कौन्सिलने २०१० मध्ये एच स्ट्रीट आणि बेनिंग रोडपुरती तारांना परवानगी दिली. परंतु स्मारकांच्या परिसरातून पश्चिमेकडे जायचे, तर काही अंतर तारांशिवाय, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या लागणार होत्या. हाती असलेल्या गाड्या तशा नव्हत्या. म्हणजे पहिल्या मार्गासाठी घेतलेली गाडी दुसऱ्या मार्गावर जाऊ शकेल याची खात्री नव्हती. जाळे विणण्याच्या स्वप्नाला पहिली गाठ इथेच बसली.

सुरू व्हायला एवढा उशीर कसा झाला?

एच स्ट्रीटचे पदपथ, दिवे आणि डांबरीकरण यांचे मोठे काम २००९ च्या सुमारास निघाले. रस्ता खणलाच आहे तर रूळही टाकून घेऊ, असा विचार झाला. वरवर पाहता हा शहाणपणाचा निर्णय होता. तोच रस्ता दोनदा खणल्याचा त्रास कोणाला नको असतो? परंतु रूळ पडले तेव्हा गाड्या कुठे वळणार, दुरुस्तीची कार्यशाळा कुठे होणार, युनियन स्टेशनला जोडणी कशी द्यायची, हे पक्के झालेले नव्हते.

पुढची काही वर्षे या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात गेली. कार्यशाळेसाठी बेनिंग रोडवरील स्पिंगार्न हायस्कूलचे आवार निवडले गेले. या शाळेचे ऐतिहासिक महत्त्व मोठे असल्याने तिला वारसा दर्जा मिळाला आणि कार्यशाळेचा आराखडा नव्याने करावा लागला. महापौर व्हिन्सेंट ग्रे यांच्या कारकीर्दीत उद्घाटनाच्या तारखा एकामागून एक हुकल्या. २०१४ मध्ये रिकाम्या गाड्यांच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा मोटारींशी धडकांच्या बातम्या येऊ लागल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका गाडीच्या छतावर आग लागली.

नुकत्याच महापौर झालेल्या बाउझर यांनी तेव्हा प्रकल्प गुंडाळण्याची शक्यताही नाकारली नव्हती. देशातील सार्वजनिक वाहतूक संघटनेच्या तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. सुधारणा आवश्यक आहेत, पण सेवा सुरूच करता येणार नाही असा दोष नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर वर्षभराने ट्राम सुरू झाली. आरंभी रविवारी ती बंद असे. ती सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली.

रस्त्यावर नेमके काय बिघडले?

सगळ्यात मोठी चूक रुळांच्या जागेत होती. एच स्ट्रीटवर रूळ रस्त्याच्या मध्यावर नाहीत. ते पदपथाकडच्या मार्गिकेत, उभ्या मोटारींच्या रांगेला खेटून आहेत. प्रवाशांना पदपथावरूनच गाडीत चढता यावे आणि रस्त्यावरच्या पार्किंगच्या जागाही राहाव्यात, अशी दोन्ही डगरींवर पाय ठेवणारी ही रचना.

त्याचा परिणाम रोज दिसत होता. एखाद्याने मोटार लावताना चाक पांढऱ्या रेषेबाहेर वीतभर सोडले, की मागे ट्राम थांबली. बस असती तर चालकाने जरा बाजूने काढली असती. ट्रामचा चालक घंटा वाजवण्यापलीकडे काही करू शकत नाही. सामान उतरवणारा ट्रक, दोन मिनिटांसाठी थांबलेली टॅक्सी, खाद्यपदार्थ पोहोचवणारी गाडी, यांपैकी कोणीही साडेतीन किलोमीटरचा मार्ग ठप्प करू शकत होते. दंड वाढवले, फलक लावले, गाड्या उचलून नेल्या. तरीही अडथळा येत राहिला, कारण तो रचनेतच होता.

बेनिंग रोडवर रूळ मध्यभागी असल्याने तेथे ट्राम तुलनेने सुरळीत धावे. एकाच मार्गाच्या दोन भागांत हा फरक उघड दिसत होता. गाडी तीच, चालक तोच, वीज तीच. बदलली होती ती फक्त रस्त्यातली जागा.

यात भर म्हणजे याच रस्त्यावर शहरातील अतिशय वर्दळीची बस धावते. ‘एक्स-२’ या क्रमांकाने ती अनेक वर्षे ओळखली जात होती, २०२५ मधील फेररचनेनंतर ती ‘डी-२०’ झाली. ही बस ट्रामच्या दोन्ही टोकांच्या पुढे जाते, एका बाजूला शहराच्या मध्यभागी आणि दुसऱ्या बाजूला नदीपार मिनेसोटा अॅव्हेन्यूच्या मेट्रो स्थानकापर्यंत. त्यामुळे ट्राम फुकट असूनही अनेकांना पैसे देऊन बसनेच जाणे सोयीचे होते.

दोन्ही टोके अधांतरी का राहिली?

कोणत्याही मार्गाची किंमत त्याच्या टोकांवर ठरते. ट्रामचे पश्चिमेचे टोक नावाला युनियन स्टेशन. प्रत्यक्षात ती स्थानकामागच्या रेल्वेपुलावर थांबत असे. तेथून मेट्रो किंवा रेल्वे गाठायची तर वाहनतळाच्या इमारतीतून वाट काढत चालावे लागे. नव्या प्रवाशाला तर ही वाट सापडणेही कठीण.

पूर्वेचे टोक ओक्लाहोमा अॅव्हेन्यू. तेथे मेट्रो स्थानक नाही. नदी समोर दिसते, पण ट्राम ती ओलांडत नसे. तिला नदीपार बेनिंग रोड मेट्रो स्थानकापर्यंत, म्हणजे आणखी सुमारे तीन किलोमीटर नेण्याची योजना अनेक वर्षे कागदावर होती. नदीपलीकडच्या रहिवाशांना दिलेले जुने आश्वासन त्यातून काही अंशी पुरे झाले असते. पश्चिमेकडची जॉर्जटाउनची योजना आधी बारगळली, नंतर पूर्वेचीही. जाळ्याचा पहिला तुकडाच शेवटचा ठरला.

यातला विरोधाभास असा, की पूर्वेच्या टोकाजवळच जुन्या आरएफके स्टेडियमची विस्तीर्ण जागा आहे. तेथे फुटबॉल संघासाठी नवे स्टेडियम उभारण्याच्या कराराला शहराच्या कौन्सिलने २०२५ मध्येच मंजुरी दिली. हजारो लोक जेथे येणार आहेत, त्या दारातली ट्राम स्टेडियम उभे राहण्याआधीच गेली.

मग २० कोटी डॉलर पाण्यात गेले का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रूळ पडू लागल्यापासून एच स्ट्रीटचा चेहरामोहरा बदलला. रिकाम्या भूखंडांवर सदनिका उभ्या राहिल्या, उपाहारगृहे आली, २०१७ मध्ये ‘होल फूड्स’चे मोठे दुकान सुरू झाले. रोज काही हजार लोक ट्रामने ये-जा करत होते. ज्येष्ठ नागरिक, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी यांच्यासाठी पदपथाच्या पातळीवरून थेट आत शिरता येणारी गाडी ही मोठी सोय होती. अशा प्रवाशाला बसच्या पायरीचे आणि फुकट ट्रामचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु हा बदल ट्राममुळे किती आणि शहराची लोकसंख्याच त्या काळात वाढत असल्याने किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. त्याच वर्षांत ट्राम नसलेल्या वॉशिंग्टनच्या इतर भागांतही इमारती उभ्या राहिल्या. शिवाय एच स्ट्रीटवरील भाडी वाढली, तसे अनेक जुने कृष्णवर्णीय रहिवासी आणि छोटे दुकानदार तेथून हलले. ज्यांनी पडझडीचे दिवस काढले, त्यांना भरभराटीचे दिवस परवडले नाहीत.

पोर्टलंडने विकासकाकडून काय घ्यायचे हे आधी लिहून घेतले होते. वॉशिंग्टनमध्ये जमिनीची किंमत वाढली, पण त्या वाढीतून ट्रामचा खर्च भागावा अशी बांधील सोय केली गेली नाही. तिकीट नाही आणि राखीव करही नाही, तेव्हा ट्राम दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दारात हात पसरून उभी राहिली.

गाड्यांचाही प्रश्न होता का?

होता. ताफ्यातल्या सहा गाड्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. तीन चेक प्रजासत्ताकातील ‘इनेकॉन’च्या आणि तीन ऑरेगनमधील ‘युनायटेड स्ट्रीटकार’च्या. अमेरिकेत ट्राम पुन्हा बनवू, या उत्साहात उभी राहिलेली ही दुसरी कंपनी मोजक्या गाड्या बनवून या धंद्यातून बाहेर पडली. बनवणारा उरला नाही की सुटा भाग मिळवणे म्हणजे पुरातन घड्याळासाठी काटा शोधण्यासारखे होते. सहा गाड्यांसाठी कोणी कारखाना चालवत नाही.

मोठे जाळे असते तर पन्नास-शंभर गाड्यांची मागणी नोंदवता आली असती आणि पुरवठादारही टिकला असता. गाड्या आधी तयार झाल्या होत्या, म्हणून त्यांचे वयही प्रवासी मिळण्याआधीच सुरू झाले होते. सेवा चालू ठेवायची तर नव्या गाड्या घ्याव्या लागणार, हे २०२५ मध्ये शहरासमोर उभे असलेले वास्तव होते.

कॅन्सस सिटीत तेच गणित कसे जुळले?

मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटीत वॉशिंग्टनच्या दहा आठवडे नंतर, ६ मे २०१६ रोजी ट्राम सुरू झाली. लांबी जवळपास तेवढीच. तिलाही तिकीट नाही. तीही सुरुवातीला मोटारींबरोबरच एका मार्गिकेत धावली. असे असूनही तेथील प्रवासीसंख्या वॉशिंग्टनपेक्षा खूपच अधिक राहिली आणि २४ ऑक्टोबर २०२५ रोजी ट्राम आणखी साडेतीन मैल दक्षिणेला, मिझुरी विद्यापीठाच्या आवारापर्यंत गेली. एकीकडे बंद करण्याची तयारी चालू असताना दुसरीकडे विस्तार झाला.

फरक तीन गोष्टींत दिसतो. पहिली म्हणजे टोके. उत्तरेला जुना बाजार, दक्षिणेला युनियन स्टेशन आणि मध्ये शहराचा संपूर्ण मध्यभाग. लोकांना जिथे जायचे होते तिथेच ती जात होती. दुसरी म्हणजे पैसा. मार्गालगतचा एक खास करपट्टा आखला गेला आणि त्यातल्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर आणि मालमत्तेवरील आकारणी लावून घेण्यास कौल दिला. ज्यांच्या जमिनीचे मोल वाढले त्यांनीच ट्राम पोसली. त्यामुळे महापौर बदलला तरी ट्राम दरवर्षी नव्याने वाचवावी लागली नाही. तिसरी म्हणजे प्रतिस्पर्धी. तेथे तोच मार्ग त्याहून लांब आणि त्याहून अधिक फेऱ्यांनी पार करणारी वॉशिंग्टनसारखी बस नव्हती.

म्हणजे केवळ राखीव मार्गिका नसल्याने ट्राम फसते असेही नाही. मार्गिका, टोके आणि पैशाची बांधील सोय, या तिघांपैकी दोन गोष्टी असतील तर ट्राम तग धरते. वॉशिंग्टनकडे एकही नव्हती.

ट्रामच्या जागी काय? आणि नाशिकचा संबंध कसा?

ट्राम बंद करताना बाउझर यांनी पर्याय म्हणून ‘नव्या पिढीची स्ट्रीटकार’ असा शब्द वापरला. प्रत्यक्षात ती बस होती. रबरी टायरवर धावणारी, डोक्यावरच्या त्याच तारांतून वीज घेणारी आणि अडथळा आला तर बाजूने जाऊ शकणारी. रूळ नको, तारा राहू देत, असा हा मधला मार्ग.

महाराष्ट्राच्या वाचकांना ही कल्पना नवी नाही. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी २,०९२ कोटी रुपयांची तरतूद असलेली ‘मेट्रो निओ’ हीच होती. टायरवर धावणारी, तारेतून वीज घेणारी, मेट्रोपेक्षा स्वस्त गाडी. मोठा गाजावाजा झाला, पण पुढच्या वर्षांत ती रस्त्यावर काही आली नाही. नाशिकच्या आराखड्यात एक गोष्ट मात्र वॉशिंग्टनपेक्षा वेगळी होती. गाडी बसचीच असली तरी तिचा मार्ग बहुतांश उन्नत आणि राखीव ठेवलेला होता. खर्च वाढतो तो त्यामुळेच आणि वेग मिळतो तोही त्यामुळेच.

वॉशिंग्टनच्या तारेवरच्या बसला राखीव मार्गिका मिळाली नाही, तर ती एच स्ट्रीटवर नेहमीच्या बसइतक्याच वेगाने धावेल. ट्रामच्या नावाने झाले तेच नव्या नावाने होईल.

आपल्या शहरांसाठी धडा काय?

नवीन वाहतूक प्रकल्पाची चर्चा सुरू झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न गाडीबद्दल असतो. मेट्रो की मोनो, निओ की लाइट, रूळ की टायर. वॉशिंग्टनचा अनुभव सांगतो की हा प्रश्न शेवटचा आहे. आधी विचारायचे ते असे. गाडीला रस्त्यातली स्वतःची जागा मिळणार का, की ती दुचाकी आणि टेम्पोच्या मागे थांबणार? मार्ग जिथे संपतो तिथे प्रवाशाला खरेच जायचे आहे का? दहा वर्षांनंतर वीजबिल, चालकांचा पगार आणि सुटे भाग यांचे पैसे कोणत्या खात्यातून येणार? आणि ज्यांच्या जमिनीचे भाव या मार्गामुळे वाढणार, ते त्यातला किती वाटा देणार?

या प्रश्नांची उत्तरे फीत कापण्याच्या दिवशी कोणी विचारत नाही, कारण त्या दिवशी गाडी नवीकोरी असते आणि प्रवास फुकट असतो. ती उत्तरे नसल्याची किंमत नंतर मोजावी लागते आणि ती मोजणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्याकडे दुसरे वाहन नसते. अॅनाकॉस्टियापलीकडचा कामगार आजही बसनेच नदी ओलांडतो. त्याच्यासाठी ट्राम सुरू झाली तेव्हाही काही बदलले नव्हते आणि ती थांबली तरी काही बदलणार नाही.